बोटे ताणणारी साधने : घ्यावीत की न घ्यावीत?

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात चार दिवस धाकट्या बहिणीकडे बडोद्यास जाण्याचा योग आला. तिची मुलगी त्या वेळी चौदा वर्षांची होती. वयाच्या सातव्या वर्षापासून ती भरतनाट्यम शिकत आहे, आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात तिचे अरंगेत्रम करावयाचे असे तिच्या बाईंनी ठरविले होते. मी हातपाय धुऊन बसते न बसते तोच तिने माझ्यापुढे एक लहानशी पेटी आणून ठेवली. पेटीत सिलिकॉनच्या दोन मऊ पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीला पायाच्या बोटांमध्ये बसतील अशा चार जाड खुंट्या होत्या.

"मावशी, तू आरोग्यावर लिहितेस ना? मग सांग, हे रोज घातले तर माझी बोटे सरळ आणि मोकळी होतील का? आमच्या वर्गातल्या तिघींनी मागवले आहे."

बहिणीची अडचण निराळी होती. ती म्हणाली, "ताई, साडेसातशे रुपये दिले आहेत. परत करायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. ठेवू की पाठवू?"

मी म्हटले, "शुक्रवार अजून तीन दिवस लांब आहे. आधी पाऊल पाहू, मग पेटीचे ठरवू."

हा प्रश्न एकट्या माझ्या भाचीचा नाही, म्हणूनच या महिन्यात त्याविषयी लिहावयाचे योजिले. इंदूर असो, हैदराबाद असो की नागपूर, आपल्या कितीतरी घरांतील मुली आज भरतनाट्यम, कथक, ओडिसी यांपैकी काही ना काही शिकत असतात. बडोद्याचा तर या कलेशी जुना संबंध आहे. १८८० साली महाराज सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या मराठा राजघराण्यातील कन्येशी झाला आणि तिच्या पाठोपाठ तंजावरच्या नर्तकी व वादक बडोदे दरबारी आले. आज त्याच शहरातील मुलीच्या हाती मोबाइल असतो आणि नर्तकींच्या पायांसाठी निघालेल्या नाना साधनांच्या जाहिराती तिला त्यावर दिसत असतात. मुलीने हट्ट धरला की आईपुढे पेच पडतो. नाही म्हणावे तर तिच्या कलेत आपण आडकाठी घातली असे होते, हो म्हणावे तर पैसे सत्कारणी लागले की नाही, हे कळावयास मार्ग नसतो.

साधने कोणती आणि ती काय करतात?

बाजारातील ही साधने मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार माझ्या भाचीने मागविला होता तो, म्हणजे बोटांमध्ये घालून ती एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या मऊ खुंट्या. दुसरा प्रकार म्हणजे पायाचा अंगठा दुसऱ्या बोटापासून दूर खेचून धरणारा पट्टा. तो बहुधा रात्री बांधून झोपावयाचा असतो. तिसरा प्रकार मात्र अगदी वेगळा आहे. ती एक कमानदार लाकडी फळी असते आणि तिच्या पुढच्या टोकाला ताणाचा पट्टा बसविलेला असतो. टाच फळीवर ठेवून बोटे त्या पट्ट्याखाली सरकवावयाची आणि गुडघा सरळ करावयाचा, म्हणजे पावलाचा पुढला भाग बळाने खाली वाकतो.

या तिन्ही साधनांची जाहिरात एकाच तऱ्हेने केली जात असली तरी त्यांना एका मापाने मोजता येणार नाही. त्यासाठी पावलाची घडण थोडीशी समजून घ्यावयास हवी.

आपल्या एका पावलात २६ हाडे असतात. त्यांपैकी ७ टाच व घोट्याकडील भागात, ५ मधल्या भागातील लांब हाडे, आणि १४ बोटांची. अंगठ्यात २ आणि उरलेल्या चार बोटांत प्रत्येकी ३, असा त्यांचा हिशेब लागतो. संपूर्ण शरीरात २०६ हाडे असताना त्यांतील ५२ केवळ दोन पावलांत आहेत, यावरून निसर्गाने या अवयवावर किती कारागिरी खर्च केली आहे हे ध्यानी येईल. ही हाडे अस्थिबंधांनी परस्परांशी जोडलेली असतात आणि त्यांना हलविण्याचे काम स्नायू करतात. काही स्नायू पोटरीत असतात आणि त्यांच्या कंडरा पावलापर्यंत येतात. दुसरे लहान स्नायू पावलातच असतात. बोटे पसरणे, ती जमिनीवर रोवून धरणे आणि तळव्याची कमान सावरणे, ही कामे मुख्यत्वे या लहान स्नायूंची होत.

आपल्या नृत्यशास्त्राने पावलाचा विचार फार पूर्वीच केला आहे. नाट्यशास्त्रात उद्घट्टित, सम, अग्रतलसंचर, अंचित आणि कुंचित असे पावलाचे पाच प्रकार सांगितले आहेत. अंचितात टाच भुईवर असते आणि पुढला भाग उचललेला असून बोटे पसरलेली असतात. कुंचितात टाच उचललेली आणि बोटे आत वळविलेली असतात. बोट पसरणे काय किंवा वळविणे काय, या नर्तकीने स्वतःच्या बळाने करावयाच्या क्रिया आहेत. अडवू करताना पाऊल भुईवर आपटते, कुदित्तमेट्टू अडवूत नर्तकी उडी घेऊन चवड्यांवर उतरते आणि मग टाचा टेकविते. कथकच्या तत्कारात तर शंभर-दीडशे घुंगरांचा भार पायात घेऊन पावले अखंड वाजत राहतात. अशा वेळी बोटांमध्ये खुंटी नसते. तेथे उपयोगी पडते ते स्नायूंत साठविलेले बळच.

खुंट्यांची योग्यता

बोटांमधील मऊ खुंट्यांविषयी प्रथम चांगले सांगते. तालमीनंतर थकलेली, एकमेकांस चिकटून आवळलेली बोटे दहा-पंधरा मिनिटे मोकळी ठेवली म्हणजे बरे वाटते. एका बोटाचे दुसऱ्यावर घर्षण होऊन तेथे भोवरी होत असेल, तर मध्ये मऊ वस्तू ठेवल्याने आराम पडतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असल्यास काहींची वेदनाही कमी होते. एवढा उपयोग मान्य करावयास हरकत नाही.

परंतु 'बोटे कायमची सरळ होतील' हे अभिवचन खरे मानू नये. अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकणे आणि त्याच्या मुळाशी उंचवटा येणे, यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो. आईचे किंवा आजीचे पाऊल पाहिले की पुष्कळदा मुलीच्या पावलाचा उलगडा होतो. अरुंद व टोकदार पादत्राणे त्या प्रवृत्तीस खतपाणी घालतात. खुंटी किंवा रात्रीचा पट्टा लावलेला असेतो अंगठा सरळ दिसतो. तो काढला की अंगठा हळूहळू आपल्या जागी परततो. मोठ्या माणसाच्या अंगठ्याचा बाक अशा साधनाने कायमचा गेला, असे दाखविणारा भरवशाचा पुरावा नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. खुंटी बोटे पसरविते, तेव्हा बोटांना स्वतः काही करावे लागत नाही. मुलाला कडेवर घेऊन देवळाच्या पायऱ्या चढविल्याने त्याच्या पायांत बळ येत नाही, तसेच हे आहे.

याविषयी एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ब्राझीलमधील संशोधकांनी २०२० साली हौशी धावपटूंवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. ११८ धावपटूंचे दोन गट केले होते. एका गटाला केवळ पाच मिनिटांचे ताण देण्याचे व्यायाम दिले, तर दुसऱ्याला आठ आठवडे पाऊल व घोटा यांचे बळ वाढविणारे व्यायाम शिकविले आणि पुढेही ते चालू ठेवावयास सांगितले. वर्षभर दोन्ही गटांवर लक्ष ठेवले असता, केवळ ताण देणाऱ्या गटात इजा होण्याचा संभव दुसऱ्या गटाच्या २.४२ पट आढळला. धावपटू आणि नर्तकी यांचे श्रम अगदी सारखे नाहीत हे खरे. तरीही दोघांचेही पाऊल दिवसेंदिवस भुईवर आदळत असते, आणि ताणापेक्षा बळ त्याला अधिक राखते ही गोष्ट दोघांनीही घेण्यासारखी आहे.

लाकडी फळी मुलांच्या हाती देऊ नये

तिसऱ्या साधनाविषयी माझे मत अधिक कठोर आहे. ही फळी मूळची बॅले नृत्याच्या जगातील आहे. १८३२ साली पॅरिसमध्ये मारी तालियोनी हिने 'ला सिल्फीद' या नृत्यनाट्यात बोटांच्या टोकांवर उभे राहून नृत्य केले, आणि तेव्हापासून ती रीत बॅलेचे जणू ओळखचिन्ह होऊन बसली. त्यासाठी पाऊल पोटरीच्या रेषेत सरळ खाली वळावे लागते. ज्यांचे पाऊल तितके वळत नाही त्या मुली फळीचा आश्रय घेतात.

या फळीने ताण येतो तो मुख्यतः पावलाच्या मधल्या सांध्यांवर आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर. स्नायू ताणला तर तो पुन्हा आखडू शकतो. अस्थिबंध एकदा सैल झाला की त्याला पूर्वीचा कसदारपणा सहसा येत नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचे भाग असतात आणि हाडाची वाढ तेथेच होत असते. त्यांच्यावर बळजोरी करणे हे तर अधिकच वाईट. बॅलेचे जाणकार शिक्षकही या बाबतीत सावध असतात. १९९० साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नृत्य-वैद्यक व विज्ञान संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, बारा वर्षांच्या आतील मुलीला बोटांच्या टोकांवर नाचावयास लावू नये. वय झाले तरीही पावलाचे, घोट्याचे आणि कमरेचे बळ पाहूनच ते ठरवावयाचे असते.

आणि आपल्या मुलींना या फळीचे प्रयोजनच काय? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्रख्यात नर्तकी ॲना पाव्हलोव्हा हिच्या सहवासातून स्फूर्ती घेऊन आधी बॅलेचे धडे घेतले होते. पुढे त्या भरतनाट्यमकडे वळल्या आणि १९३६ साली त्यांनी कलाक्षेत्राची स्थापना केली. एकाच व्यक्तीने दोन्ही कला आदराने पाहिल्या, परंतु एकीचे पाऊल दुसरीला बसविले नाही. अरमंडीत बसून संपूर्ण तळवा भुईवर आपटणाऱ्या मुलीला पाऊल खाली वळविण्याची फळी देणे म्हणजे तबला वाजविणाऱ्याला सतारीची नखी देण्यासारखे आहे.

पेटीमागचे दुखणे

एवढे सारे मी बहिणीला सांगत असता भाची शेजारी बसून ऐकत होती. मी तिला म्हटले, "खुंटी न लावता तुझी तू बोटे पसरून दाखव पाहू." डाव्या पावलाची तिने चांगली पसरली. उजवीकडे मात्र तिचा चेहरा क्षणभर बदलला. मी पावलावर वरच्या बाजूने, दुसऱ्या बोटाच्या मागे लांब हाडावर बोटाने हलकेच दाबले, तशी तिने पाय झटकन मागे घेतला.

"किती दिवस दुखते आहे?"

"दीड महिना झाला असेल."

"आईला का नाही सांगितलेस?"

तिने मान खाली घातली. "सांगितले असते तर बाईंनी नाच बंद करायला लावला असता. मग अरंगेत्रम पुढे गेले असते. मोबाइलवर पाहिले, तर बोटे आवळलेली असली की असे दुखते म्हणून लिहिले होते. वाटले, हे लावून थांबेल."

बहीण काही वेळ काहीच बोलली नाही. मलाही, इतका वेळ आपण पेटीविषयी बोलत राहिलो आणि पावलाला हात लावावयास एवढा उशीर केला, याची खंत वाटली.

दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही. अशा दुखण्यात आरंभी ते पुष्कळदा दिसतही नाही. एम. आर. आय. तपासणीत मात्र दुसऱ्या लांब हाडात बारीक चीर आढळली. एकाच जागी पुनःपुन्हा आघात होत राहिले आणि हाडाला भरून येण्यास उसंत मिळाली नाही, म्हणजे अशी चीर पडते. एका आघाताने हाड मोडते तेव्हा ते तत्काळ कळते. ही चीर हळूहळू पडते, म्हणून ती दुर्लक्षिली जाते, आणि दुर्लक्षिली की वाढते.

डॉक्टरबाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले, ते प्रत्येक आईने लक्षात ठेवावेत. मासिक पाळी नियमित येते का? आणि तालमीच्या दिवशी मुलगी पोटभर जेवते का? तेव्हा उघडकीस आले की पाळी चार महिने आली नव्हती, आणि रात्री नाचून आल्यावर भाची पुष्कळदा ताक पिऊनच झोपत असे, कारण वेशात आपण सडसडीत दिसावे असे तिला वाटे. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्वही कमी निघाले. श्रम वाढावेत आणि अन्न घटावे, यात हाडांचे बळ सर्वांत आधी खर्ची पडते.

सहा आठवडे विशेष बूट घालून राहणे, त्यानंतर पायरीपायरीने सराव, आणि तोवर हस्तमुद्रा, अभिनय व ताल यांचा बसून अभ्यास, असे ठरले. बाईंना हे कळविताच त्यांनी स्वतः घरी येऊन सांगितले की अरंगेत्रम फाल्गुनात करू, आणि दुखणे लपविणाऱ्या मुलीला मी शिकविणार नाही. या दोन वाक्यांनी माझ्या भाचीला जितके समजले तितके माझ्या लेखाने समजले नसते.

खुंट्यांनी तिच्या हाडाला इजा केली नव्हती. पण वेदना हा शरीराचा निरोप असतो, आणि त्या निरोपाला उत्तर म्हणून तिने ही पेटी मागविली होती. कदाचित काही दिवस थोडे बरेही वाटले असते. तेवढ्या दिवसांत चिरेचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. अशा वस्तूंचा खरा धोका मला येथे दिसतो.

मग करावे काय?

पुढील व्यायामाला पैसा लागत नाही. रोज दहा मिनिटे पुरतात. पाय दुखत नसेल तरच ते करावेत.

पहिला : खुर्चीवर बसून तळवा भुईवर सपाट ठेवावा. बोटे न वाकविता चवडा टाचेकडे ओढल्यासारखे करावे, म्हणजे तळव्याची कमान किंचित उचलते. पाच अंक मोजेपर्यंत तशीच धरावी. प्रत्येक पावलाने दहा वेळा.

दुसरा : चार बोटे भुईवर ठेवून अंगठा एकटाच उचलावा. मग अंगठा खाली ठेवून चार बोटे उचलावीत. पहिल्या आठवड्यात हे मुळीच जमत नाही आणि हसू येते. पंधरा दिवसांत जमू लागते.

तिसरा : हाताची बोटे पायाच्या बोटांत गुंफावीत आणि पाऊल हळुवार फिरवावे. मग हात काढून तितकीच बोटे स्वतः पसरण्याचा यत्न करावा. हाताची बोटे म्हणजे घरची, फुकटची खुंटीच होय, आणि किती ताण द्यावा हेही हाताला कळते.

चौथा : भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहावे. दोन अंकांत टाच उचलावी, तीन अंकांत उतरवावी. पाचापासून आरंभ करून क्रमाक्रमाने विसापर्यंत न्यावे.

पोटरीला ताण द्यावयाचा तो तालमीनंतर, तीस सेकंद. नाचण्याच्या अगदी आधी फार वेळ ताणून धरल्याने स्नायूंचा जोर काही काळ कमी होतो. आरंभी अंग तापविण्यासाठी साधी पदन्यासांची उजळणी अधिक बरी.

यानंतर पादत्राणांचा विचार. आपल्या मुली नाचतात अनवाणी, पण दिवसाचे सात-आठ तास त्यांची पावले शाळेच्या बुटांत कोंडलेली असतात. भारतातील दोन तज्ज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. पादत्राणे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के मुलांचे तळवे सपाट आढळले, अनवाणी राहणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांत हे प्रमाण अधिक होते, चपला वापरणाऱ्यांत त्याहून कमी. तेव्हा मुलीने घरी अनवाणी वावरावे हे उत्तम. शाळेचे बूट घेताना संध्याकाळी, पाय थोडा पसरलेला असताना, कागदावर उभे करून पावलाची रेघ काढावी आणि तो कागद दुकानात न्यावा. बुटाचा तळ त्या रेघेहून अरुंद असेल तर तो बूट कितीही देखणा असला तरी घेऊ नये. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा असावी. साडेसातशे रुपये खर्चावयाचेच असतील तर ते अशा बुटांत घालावेत. दोन्ही गोष्टी परवडत असल्या तरी आधी बूट, मग खुंट्या.

तिसरी गोष्ट भुईची. कोटा किंवा शहाबादी फरशी थेट सिमेंटवर बसविलेली असते आणि ती आघात परत पायाकडेच पाठविते. ज्या वर्गात लाकडी जमीन आहे तो भाग्याचा. तसे नसेल तर पालकांनी मिळून बाईंशी बोलावे. घरचा सराव करताना पूर्ण जोराने पाय आपटण्याचे कारण नसते. आठवड्यातून एक दिवस पावलांना विश्रांती द्यावी.

खुंट्या घ्यावयाच्याच असल्या तर

मुलीला वेदना नाही, केवळ थकलेल्या बोटांना आराम हवा आहे, असे असेल तर मऊ सिलिकॉनच्या साध्या खुंट्या घ्याव्यात. महाग म्हणजे अधिक गुणकारी असे मुळीच नाही. पहिल्या दिवशी पाच मिनिटे, मग फार तर पंधरा. त्या लावून झोपू नये आणि नाचू तर नयेच. रोज धुऊन वाळवाव्यात, नाही तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांनी, ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी, मुलीच्या खुंट्या गंमत म्हणूनही वापरू नयेत. त्यांना जखम झालेली कळत नाही.

हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवले असता दुखणे, विश्रांतीतही किंवा रात्री दुखणे, सूज, लंगडणे, बधिरपणा, अंगठ्याच्या खाली तळव्यात टोचल्यासारखे होणे, यांपैकी काहीही असले तर जाहिरात बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावे.

साधन म्हटले की नाक मुरडावे, असा मात्र माझा आग्रह नाही. १९६८ साली जयपूर येथे रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचे एक पाऊल घडविले. अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या आपल्या लोकांची गरज ओळखून ते केलेले होते. १९८१ सालच्या अपघातानंतर पाय गमावलेल्या सुधा चंद्रन याच जयपूर पावलावर १९८४ साली पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. जे पाऊल उरलेच नव्हते त्याची जागा त्या साधनाने घेतली, म्हणून त्याचे मोल थोर. तेथेसुद्धा पुन्हा नाचता येण्यासाठी सराव त्यांनाच करावा लागला. ज्या कामासाठी निसर्गाने दिलेले स्नायू जागेवर आहेत, तेथे साधनाचा मान दुय्यम असतो एवढेच मला सांगावयाचे आहे.

पेटी गुरुवारी परत पाठविली आणि त्या पैशांत भाचीसाठी रुंद पंजाचे शाळेचे बूट आले. फाल्गुनात तिचे अरंगेत्रम झाले. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि तिच्या मुद्रेकडे पाहावयाचे सोडून पुष्कळ वेळ तिच्या उजव्या पावलाकडेच पाहत होते. तिल्लाना संपवून ती आत गेली तेव्हा बहीण माझ्या आधी उठली आणि पडद्यामागे जाऊन तिने पहिला प्रश्न विचारला, "पाय दुखतो आहे का ग?"

वाचकभगिनींनो, आपल्या घरी नाचणारी मुलगी असेल, तर हा प्रश्न अरंगेत्रमापर्यंत ठेवू नका. आज रात्री ती घुंगरे सोडून बसली की विचारा, आणि तिचे पाऊल मांडीवर घेऊन पाहा.